संग्रह न ओळखणारा क्युरेटर कोणाच्या कामाचा?

नोंदवही

'मोकळे दालन' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांचा 'क्युरेटरने आता कोठाराबाहेर यावे' हा लेख गेल्या आठवड्यात या चर्चामंचावर आला आणि त्याखाली वाहवा करणारे बरेच प्रतिसादही जमले. दोन ओळी लिहून थांबावे असे आधी वाटले होते; पण त्यातली काही विधाने अशी आहेत की उद्या एखाद्या संग्रहालयाचे विश्वस्त ती वाचून त्यांच्या आधारे पदे कमी करतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लेखाचा गाभा थोडक्यात असा: वस्तूंची माहिती आता संगणकावर मिळते, त्यामुळे एकाच विषयात आयुष्य घालवलेल्या तज्ज्ञाची गरज उरलेली नाही, संग्रहालयांना यापुढे अनुभव आखणारा, निरनिराळ्या समाजगटांना एकत्र आणणारा आणि गोष्ट सांगता येणारा संयोजक हवा, जुन्या पद्धतीचा क्युरेटर, म्हणजे संग्रहाचा अभ्यास आणि सांभाळ करणारा जाणकार, हा संग्रहालय आणि लोक यांच्यामधला अडसर आहे.

पहिल्या विधानापासूनच माझा मतभेद सुरू होतो. संगणकावरची माहिती तिथे आपोआप उगवत नाही. मी नोंदणी विभागात काम केले आहे. आमच्या सर्वांत जुन्या नोंदवहीत एका पानावर लागोपाठ पाच ओळी होत्या: 'मातीचे भांडे, लहान, एक.' शेऱ्याच्या रकान्यात 'मागील नोंद पाहावी' असे लिहिलेले, पण कोणती मागील नोंद याचा उल्लेख नाही. भांड्यांच्या बुडाशी शाईने घातलेले क्रमांक हात लागून लागून अर्धवट पुसलेले. पुढे कंत्राटावर आलेल्या मुलांनी ती नोंदवही जशीच्या तशी संगणकात उतरवली आणि पडद्यावर 'मातीचे भांडे, लहान' पाच वेळा दिसू लागले. कोणते भांडे कोणत्या नोंदीचे, हे आमच्या क्युरेटर बाईंना ठाऊक होते, कारण एकाच्या काठावर जुना टवका होता, दुसऱ्याच्या आत काळसर थर होता आणि तिसऱ्याची माती मुळातच वेगळ्या प्रदेशातली होती. त्या निवृत्त झाल्या, पद रिकामे राहिले, आणि ती पाच भांडी आज पुन्हा एकमेकांसारखी झाली आहेत.

हे किरकोळ वाटत असेल तर ब्रिटिश म्युझियमचे उदाहरण घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये त्या संग्रहालयाने जाहीर केले की संग्रहातल्या काही वस्तू नाहीशा झाल्या आहेत, चोरीला गेल्या आहेत किंवा त्यांची मोडतोड झाली आहे, आणि हा आकडा पुढे सुमारे 2,000 पर्यंत गेला. कोरीव खडे आणि दागिने अशा त्या लहान वस्तू होत्या आणि त्यांतल्या अनेकींची धड नोंदच झालेली नव्हती. एका अभ्यासू व्यापाऱ्याने 2021 मध्येच संग्रहालयाला सावध केले होते, पण तेव्हाच्या चौकशीत काहीही निष्पन्न झाले नाही. शेवटी संचालक हार्टविग फिशर यांनी पद सोडले आणि संग्रहालयाने पाच वर्षांत सगळा संग्रह ऑनलाइन आणण्याची योजना मांडली, जिच्यात सुमारे 24 लाख नोंदी नव्याने कराव्या किंवा सुधाराव्या लागणार आहेत. एवढ्या नोंदी 'अनुभव आखणारा' माणूस करणार आहे का?

लोकसहभागाला माझा विरोध आहे असा अर्थ कृपया कोणी काढू नये. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऑगस्ट 2022 मध्ये प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तिच्यात समाजगटांचा सहभाग आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच व्याख्येत संग्रहालयाच्या कामांची यादी संशोधनापासून सुरू होते. संग्रह, जतन, अर्थ लावणे आणि प्रदर्शन ही त्यानंतर येतात. आधीच्या, 2007 च्या व्याख्येत संशोधन तिसऱ्या क्रमांकावर होते. म्हणजे नवी व्याख्या संशोधनाला मागे सारते असे जे लेखात सुचवले आहे, ते मूळ मजकुराशीच जुळत नाही.

दालनमित्र

मी संग्रहालयाच्या शिक्षण विभागात आहे आणि रोज प्रेक्षकांसोबत दालनात असते, त्यामुळे वरचे लेखन वाचून मला राग आला हे आधीच सांगते. तुमच्या त्या क्युरेटर बाईंना पाच भांड्यांमधला फरक माहीत होता आणि त्या गेल्यावर तो कोणालाच माहीत नाही, ही तुम्ही त्यांची थोरवी म्हणून सांगता आहात. मला त्यात तक्रारीचे कारण दिसते. इतकी वर्षे पगार घेऊन ज्यांनी ती माहिती कागदावर उतरवली नाही, त्यांच्या जाण्याने झालेल्या नुकसानीचा दोष नव्या क्युरेटरांवर कसा काय येतो? ब्रिटिश म्युझियमचेही तेच आहे. आरोप ज्यांच्यावर झाला ते त्याच विभागातले जुने क्युरेटर होते. त्यांनी तो नाकारला आहे, हेही नमूद करते. पण वस्तूंची माहिती आणि वस्तूंचा ताबा एकाच छोट्या वर्तुळात राहिला की बाहेरच्या माणसाने इशारा देऊनही तो ऐकला जात नाही, एवढे तरी त्यातून दिसायला हवे.

तज्ज्ञांनी दालनात काय लिहून ठेवले आहे तेही पाहा. आमच्याकडे एका काचपेटीत असेच एक भांडे आहे. माहितीपट्टी अशी: 'घट. मृत्तिका. कंठ आखूड, ओष्ठ बहिर्वक्र, तळ वर्तुळाकार. उत्खननप्राप्त.' मुले तिथे येतात, पट्टी वाचायचा प्रयत्न करतात आणि मला विचारतात की यात काय ठेवत असत. बुडाशी धान्याचे अंश सापडले होते हे मला उत्खननाच्या अहवालातून कळले, पट्टीवरून नव्हे. ते एक वाक्य पट्टीवर घालावे म्हणून मी लेखी विनंती केली, तर 'अभ्यासकांच्या दृष्टीने ते गौण आहे' असे उत्तर आले. ती पट्टी चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला वाचताही येत नाही, कारण त्या उंचीवरून काचेत फक्त दिव्याचे प्रतिबिंब दिसते. तेही मी कळवले होते. अशा अनुभवानंतर मला कोणी सांगत असेल की जुना क्युरेटर अडसर नव्हता, तर मी ते मान्य करणार नाही.

चिकित्सक वाचक

मी संग्रहालयात काम करत नाही, तिकीट काढून जातो. म्हणून प्रेक्षकांच्या वतीने जे बोलले जात आहे त्यात माझेही मत धरावे ही विनंती. दालनमित्र यांनी दाखवलेली पट्टी वाईट आहे हे उघड आहे. परंतु तिच्या जागी जे येते आहे ते त्याहून वाईट आहे. नाणी पाहण्यासाठी म्हणून मी ज्या एका संग्रहालयात आवर्जून जात असे, तिथे आता 'पैसा आणि सत्ता' या नावाचे नवे दालन झाले आहे. नाणी पूर्वी राजवटीनुसार आणि टाकसाळीनुसार लावलेली असत. आता ती भिंतीवर एखाद्या लाटेच्या आकारात पसरलेली आहेत. कोणते नाणे कोणाचे, कोणत्या धातूचे, किती वजनाचे, कोणत्या टाकसाळीत पाडलेले, यातले काहीही लिहिलेले नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न आहे: 'तुमच्यासाठी मूल्य म्हणजे काय?' मला स्वतःचे मत तपासायचे असेल तर त्यासाठी घर पुरेसे आहे. संग्रहालयात मी मला माहीत नसलेले काही शिकायला जातो, आणि मला शिकवण्याची जबाबदारी टाळून उलट मलाच प्रश्न विचारला जातो तेव्हा तो माझा सन्मान आहे असे मला वाटत नाही.

प्रकाशयोजना

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर मांडणी करणाऱ्यांच्या बाजूनेही थोडे ऐका, कारण शेवटी दोष आमच्याच माथी येतो. एका वस्तूच्या पट्टीला साधारण 50 ते 60 शब्द पुरतात. त्याहून लांब मजकूर उभ्याने कोणी वाचत नाही, हे अनेक संग्रहालयांनी अनुभवातून स्वीकारलेले प्रमाण आहे. आमच्याकडे क्युरेटरकडून मजकूर येतो तो उद्घाटनाच्या तोंडावर आणि याच्या तिप्पट लांबीचा. मग अक्षर लहान करावे लागते. त्यातच कापड, जलरंग, हस्तलिखिते यांवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश टाकायचा नाही असा दंडक असल्यामुळे दालन अंधारे असते. अंधारात बारीक अक्षर, आणि वर आरोप असा की मांडणीकाराला प्रेक्षकांची पर्वा नाही. दालनमित्र यांनी सांगितलेला प्रतिबिंबाचा दोष खरा आहे. पण काचेचा कल आणि दिव्याची जागा ठरवण्याच्या बैठकीला आम्हाला बोलावले जाते का, हेही कधीतरी विचारून पाहा.

चिकित्सक वाचक यांना एक सांगतो. लाटेच्या आकाराची कल्पना मांडणीकाराचीच असेल असे गृहीत धरू नका. नाण्यांचे तपशील पुरवणारा माणूसच जागेवर नसेल, तर मांडणीकाराजवळ आकाराशिवाय दुसरे काही उरत नाही.

मोकळे दालन

माझ्या लेखाचा गाभा नोंदवही यांनी बऱ्यापैकी नेमका सांगितला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. परंतु 'तज्ज्ञाची गरज उरलेली नाही' असे मी लिहिलेले नाही. तज्ज्ञता एकाच व्यक्तीच्या ठायी असण्याची गरज उरलेली नाही, असे माझे म्हणणे होते आणि आहे.

नोंदवही यांच्याकडून मला एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत 1992 मध्ये फ्रेड विल्सन या कलाकाराने तिथल्याच कोठारातल्या वस्तू घेऊन प्रदर्शन मांडले. एका काचपेटीत घडीव चांदीची नाजूक भांडी होती आणि त्यांच्या मधोमध गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. पट्टीवर लिहिले होते, 'धातुकाम, 1793–1880'. त्या बेड्या आणि ती चांदी दोन्ही त्याच संस्थेच्या मालकीच्या होत्या, दोन्हींची जपणूक करणारे जाणकार तिथेच काम करत होते, पण त्या एकाच काचपेटीत ठेवण्याचे कोणालाही सुचले नाही. ते एका बाहेरच्या माणसाला का दिसले? माझे उत्तर असे आहे की वर्गवारीचे प्रशिक्षण माणसाला काही गोष्टी पाहायला शिकवते आणि काही गोष्टींकडे पाहूच नये हेही शिकवते.

दुसरे उदाहरणही बाल्टिमोरचेच आहे. 2022 मध्ये तिथल्या कला संग्रहालयात 17 सुरक्षारक्षकांनी एक प्रदर्शन स्वतः निवडून मांडले. रोज तासन्‌तास त्या चित्रांसमोर उभ्या राहणाऱ्या माणसांकडे काही सांगण्यासारखे असेल, ही शक्यता संग्रहालयांनी किती उशिरा लक्षात घेतली याचा विचार व्हावा.

नोंदवही

उत्तर देते. फ्रेड विल्सन यांना त्या बेड्या सापडल्या, कारण त्या कोणीतरी ठेवल्या होत्या, त्यांवर क्रमांक होता आणि त्या कुठून आल्या याची नोंद होती. 'निरुपयोगी लोखंड' म्हणून त्या कधीच मोडीत निघाल्या असत्या तर चांदीशेजारी काय मांडले असते? नवी नजर हवी, हे मी मान्य करते, पण नजर फिरवायला संग्रह शाबूत आणि ओळखलेला असावा लागतो. सुरक्षारक्षकांच्या प्रदर्शनामागेही संग्रहालयाचे क्युरेटर, संवर्धक आणि एक अनुभवी कला-इतिहासकार मार्गदर्शक म्हणून उभे होते. तुमच्या लेखात त्या मदतीचा उल्लेखही नाही, आणि ती वगळली की वाचकाला वाटते की तज्ज्ञांना बाजूला केल्यामुळे ते प्रदर्शन झाले.

लुटीच्या वस्तू परत करण्याबद्दल तुम्ही लेखात कळकळीने लिहिले आहे आणि तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. 1892 च्या स्वारीत फ्रेंच सैन्याने अबोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या 26 वस्तू फ्रान्सने नोव्हेंबर 2021 मध्ये बेनिनला परत केल्या. त्या लुटीतल्या होत्या हे ठामपणे सांगता आले, कारण सेनापती दोद्स यांनी त्या संग्रहालयाला दिल्याची नोंद होती. माझ्या पाच भांड्यांपैकी एखादे उद्या कोणी परत मागितले तर मी कोणते देऊ?

दालनमित्र

तुमच्या प्रत्येक उत्तरात लोक शेवटी येतात, हे तुमच्या लक्षात येते आहे का? आधी नोंद, मग संशोधन, मग जतन, आणि वेळ उरला तर दालनात आलेला माणूस. नोंद पूर्ण होईपर्यंत दार बंद ठेवायचे असेल तर जगातले एकही संग्रहालय कधी उघडणार नाही.

आणि वस्तू परत देण्याबाबत जाणकारांचा इतिहास तुम्ही रंगवता तितका उजळ नाही. अमेरिकेत मूलनिवासींचे मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा 1990 मध्ये झाला. त्यानंतर तीन दशके अनेक संग्रहालयांनी 'कोणत्या जमातीशी संबंध आहे ते निश्चित ठरत नाही' या सबबीखाली अवशेष ठेवून घेतले. 'निश्चित ठरत नाही' हे ठरवणारे कोण होते? जाणकारच. शेवटी जानेवारी 2024 मध्ये नवे नियम लागू झाले, अशा वस्तू मांडण्यापूर्वी त्या जमातींची संमती घेणे बंधनकारक झाले, आणि न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने दोन दालने बंद केली. ही समज आतून आली नाही. कायद्याने आणावी लागली.

संवर्धन कक्ष

दोन्ही बाजूंनी वस्तूंविषयी इतके लिहिले, पण वस्तू ज्यांच्या हातांतून जातात त्यांना कोणी विचारलेले नाही, म्हणून लिहितो. जुन्या पद्धतीचे क्युरेटर आम्हाला कारागीर समजत आणि नव्या पद्धतीचे क्युरेटर आम्हाला नकार देणारे कार्यालय समजतात. एका तरुण संयोजकांनी आमच्याकडे हस्तिदंती वस्तू प्रेक्षकांच्या हाती देण्याचा प्रस्ताव आणला होता, आणि हवेतली आर्द्रता बदलली की हस्तिदंताला चिरा पडतात हे मी सांगितल्यावर त्यांनी बैठकीच्या टिपणात 'संवर्धन विभागाचा सहभागाला विरोध' असे लिहिले. ते वाक्य आजही तसेच आहे. युनेस्को आणि सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था इक्रॉम यांच्या 2011 च्या पाहणीत जगभरातल्या संग्रहालयांच्या कोठारांमधला सुमारे 60 टक्के संग्रह धोक्यात असल्याचे आढळले होते. अशा स्थितीत 'क्युरेटरने कोठाराबाहेर यावे' हे शीर्षक वाचून मला यातना झाल्या.

तरीही नोंदवही यांच्याशी मी सर्वस्वी सहमत नाही. अमेरिकेतल्या झुनी या मूलनिवासी लोकांच्या लाकडी युद्धदेवता उघड्यावर ठेवायच्या असतात आणि ऊनपावसात झिजून मातीला मिळणे हेच त्यांचे विहित कार्य आहे. संग्रहालयांनी त्या काचेआड ठेवून, कीड लागू न देता दशकानुदशके जपल्या, आणि त्या लोकांच्या दृष्टीने तेच मोठे नुकसान होते. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी त्या परत मागितल्या आणि मिळालेल्या मूर्ती पुन्हा उघड्यावर ठेवल्या. माझ्या प्रशिक्षणातले सगळे काही याच्या विरुद्ध जाते. पण वस्तू कशासाठी आहे हे मला नोंदवहीतून कळले नसते, हे मला मान्य करावे लागते.

चिकित्सक वाचक

चर्चा पुन्हा मोठ्या तत्त्वांकडे वळली आहे, पण प्रेक्षकाला तत्त्व दिसत नाही, पट्टी दिसते. म्हणून मी पट्टीकडेच परत येतो आणि एक सूचना करतो. प्रत्येक पट्टीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव आणि लिहिल्याचे वर्ष छापावे. वर्तमानपत्रातल्या लेखाखाली नाव असते, शोधनिबंधाला असते, मग संग्रहालयातला मजकूर कोणी लिहिला हे गुप्त का? 'घट. मृत्तिका.' लिहिणाऱ्याला खाली स्वतःचे नाव द्यावे लागले असते तर त्याने धान्याचे वाक्य घातले असते. आणि 'तुमच्यासाठी मूल्य म्हणजे काय' याखाली नाव द्यावे लागले असते तर ते वाक्य भिंतीवर गेलेच नसते.

मोकळे दालन

या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. निनावी पट्टी ही संस्थेची आज्ञा वाटते. नाव असलेली पट्टी हे एका माणसाचे मत आहे आणि त्याच्याशी वाद घालता येतो. टोरंटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममध्ये 1989 साली आफ्रिकेविषयी एक प्रदर्शन झाले. वसाहतवाद्यांची भाषा अवतरणचिन्हांत देऊन तिच्यातला खोटेपणा उघडा पाडावा, हा ते मांडणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा हेतू होता. पण भिंतीवरचा मजकूर संग्रहालयाचा, म्हणजे अधिकृत, अशीच वाचणाऱ्यांची समजूत असते. अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षकांना तो मजकूर संस्थेचाच वाटला, महिनोन्‌महिने निदर्शने झाली, प्रदर्शनाचा पुढचा दौरा रद्द झाला आणि संग्रहालयाने 2016 मध्ये जाहीर माफी मागितली. हा मजकूर कोणाचा आहे, कोणाशी बोलतो आहे आणि का, हे पट्टीवरच स्पष्ट असते तर निदान वाद कोणाशी आहे हे तरी लोकांना कळले असते.

नोंदवही

मला ही सूचना धोक्याची वाटते. वॉशिंग्टनच्या हवाई व अवकाश संग्रहालयात हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे प्रदर्शन ठरले होते. संहितेतल्या वाक्यावाक्यावरून माजी सैनिकांच्या संघटना आणि लोकप्रतिनिधी यांनी रान उठवले, संहिता पुन्हा पुन्हा बदलली गेली, जानेवारी 1995 मध्ये मूळ प्रदर्शन रद्द झाले आणि मे महिन्यात संचालक मार्टिन हार्विट यांना राजीनामा द्यावा लागला. हे सगळे संस्थेच्या नावाने लिहिलेल्या मजकुराबाबत झाले. त्या प्रत्येक वाक्याखाली एकेका कनिष्ठ क्युरेटरचे नाव असते तर काय झाले असते याची कल्पना करा. संस्थेचे नाव ही लिहिणाऱ्याची ढाल आहे. ती काढून घेतली की पुढच्या वेळी कोणीही आक्षेपार्ह ठरेल असे खरे वाक्य लिहिणार नाही, सगळे 'घट. मृत्तिका.' लिहितील.

दालनमित्र

त्याच ढालीआड माझी विनंती फेटाळली गेली होती. ते उत्तर कोणी लिहिले हे मला आजही माहीत नाही.

प्रकाशयोजना

एका शब्दकोड्याइतक्या जागेत आधीच नाव, काळ, साहित्य, मोजमाप, देणगीदाराचा उल्लेख आणि दोन भाषा बसवायच्या असतात. देणगीदाराच्या नावाला कोणी कात्री लावू देत नाही, हे मी प्रत्यक्ष भांडून पाहिले आहे. मग लिहिणाऱ्याचे नाव आले की कमी होणार तो मजकूरच.

मोकळे दालन

देणगीदाराच्या नावाला जागा आहे आणि लिहिणाऱ्याच्या नाही, याइतका माझ्या लेखाच्या बाजूचा पुरावा मला दुसरा मिळाला नसता.

नोंदवही यांच्यासाठी मात्र एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. मी स्वतः प्रकल्पापुरत्या करारावर काम करणारा आहे. स्विस क्युरेटर हेराल्ड झेमान यांनी 1969 च्या आपल्या प्रदर्शनानंतर बर्नचे कुन्स्टहाले हे कलादालन सोडले आणि स्वतंत्र क्युरेटर म्हणून काम सुरू केले, तेव्हा ते त्यांचे स्वातंत्र्य होते. आज माझ्या पिढीला ते निवडता येत नाही. प्रदर्शन संपले की करार संपतो आणि कोठारात जाण्याची परवानगीही संपते. अलीकडच्या एका प्रदर्शनासाठी मी ज्या वस्तू निवडल्या, त्यांच्याबद्दल समाजगटातल्या वृद्धांनी सांगितलेली माहिती माझ्या वहीत आहे. ती संग्रहालयाच्या नोंदीत कोण घालणार, असे मी विचारले तेव्हा त्या कामासाठी माणूस नाही असे सांगण्यात आले. म्हणजे कायमस्वरूपी जाणकाराचे पद जाते तेव्हा सहभागातून मिळालेले ज्ञानही वाया जाते. लेखात हे यायला हवे होते असे तुम्ही म्हणाल, आणि त्या एका मुद्द्यावर मी वाद घालणार नाही.

नोंदवही

हे तुम्ही लेखात लिहिले असते तर मी हा धागा काढलाच नसता. ती वही कृपया हरवू देऊ नका आणि तिची एक प्रत त्या संग्रहालयाला लेखी पोचपावती घेऊन द्या. पोचपावती असली की पुढे कोणालातरी ती नोंदवावीच लागते.

नावाच्या बाबतीत मी एका अटीवर मागे सरते. पट्टीवर लिहिणाऱ्याचे नाव यायचे असेल तर वस्तूचा नोंद क्रमांकही त्याच ओळीत आला पाहिजे. क्रमांक असला की चिकित्सक वाचक यांच्यासारखा माणूस घरी जाऊन नोंद शोधू शकतो, टाकसाळ आणि वजन पाहू शकतो, आणि चूक असेल तर नेमकी कोणत्या वस्तूबद्दल लिहायचे हे त्याला कळते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 2025 मध्ये उघडलेल्या नव्या कोठारात कोणालाही संग्रहातली वस्तू आधी मागवून जवळून पाहता येते. ती मागवायची तर ती नोंदीत असावी लागते, तिथे 'अनुभव' चालत नाही. दालनमित्र, तुमच्या त्या काचपेटीतल्या भांड्याचा नोंद क्रमांक मला कळवा. धान्याचे अंश अहवालात असतील तर ते नोंदीत का नाहीत, हे मी जुन्या सहकाऱ्यांना विचारते. याचा अर्थ पट्टी लिहिण्याचे काम शिक्षण विभागाकडे द्यावे असा मात्र नाही.

दालनमित्र

पट्टीवर क्रमांक नाही. काचपेटीच्या मागच्या बाजूला असेल, पण तिची किल्ली क्युरेटरांकडे असते. उद्या मागते. आणि पट्टी कोणी लिहावी यावर आपले एकमत झालेले नाही, हे मीही नोंदवून ठेवते.

संवर्धन कक्ष

किल्ली मिळाली तर भांडे उचलू नका. क्रमांक बुडाशी असेल तर आमच्या विभागातल्या कोणालातरी सोबत घ्या, आणि आत काळसर थर असेल तर त्याला बोट लावू देऊ नका. धान्याचे जे काही उरले असेल ते त्याच थरात असेल.

प्रकाशयोजना

पेटी उघडणारच असाल तर दिव्याचा कोनही मोजून घ्या आणि मला कळवा. बसलेल्या माणसाच्या नजरेची उंची धरून मोजा. उभ्या माणसासाठी ती पट्टी आत्ताही वाचता येते.